दोदोलची खाज आणि भिंतीवरचं कालनिर्णय : गोव्यात पहिल्यांदाच कुत्रा पाळताना

दोदोल आमच्या घरी आला तो जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात. फोंड्याच्या बाजारामागे एका बंद गाड्याखाली ते पिल्लू कुडकुडत बसलं होतं, काळपट तपकिरी, ओलं आणि चकचकीत. आईनं बघितलं आणि म्हणाली, "दोदोलाच्या कुडक्या भशेन दिसता रे!" दोदोलाच्या तुकड्यासारखा दिसतो, असं. नाताळात होतं ते नारळाच्या रसाचं आणि गुळाचं दोदोल ज्यांनी पाहिलंय त्यांना तो कसा दिसत असेल हे वेगळं सांगायला नको.

पहिल्या वर्षी मी त्याच्यावर जे प्रयोग केले ते आठवले की आजही ओशाळायला होतं. तो खाजवायला लागला की मी शांपू बदलायचो, खाणं बदलायचो, कडुनिंबाचं तेल चोपडायचो, शिवाय कुणीतरी सुचवलेली गोळी, आणि हे सगळं एकाच आठवड्यात. बरं वाटलं तर कशानं ते कळायचं नाही, वाढलं तर कशानं तेही कळायचं नाही. शेवटी डॉक्टर वैतागून म्हणाले, "एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि लिहून ठेवा." पुढचं सगळं त्या एका वाक्याभोवती आहे.

पहिल्या दिवशी : भिंतीवर कॅलेंडर

वही हरवते, फोनमधली टिपणं कोणी उघडून बघत नाही. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाच्या चौकोनात लिहा, म्हणजे घरातल्या सगळ्यांना दिसेल आणि सगळ्यांना लिहिता येईल. रोज चारच गोष्टी: खाज किती (० ते १०, अंदाजानं), शी कशी (घट्ट, मऊ, पाणी), जेवला की नाही, आणि त्या दिवशी नवं काय घडलं. नवं म्हणजे नवं खाणं, नवं औषध, अंघोळ, पाहुणे, फटाके, काहीही.

त्याच आठवड्यात कुत्रा धडधाकट असताना त्याचे आकडे घेऊन ठेवा. आजारी पडल्यावर तुलना कशाशी करणार? गाढ झोपेत श्वास मिनिटाला ३० च्या आत असतो. हिरडी गुलाबी असते. बोटानं दाबली की पांढरी होते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांच्या खालच्या पापणीच्या आत बघायचं. अंगाचं तापमान आपल्यापेक्षा जास्त असतं, साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला खोबरेल लावून शेपटीखाली गुदद्वारात हलकेच घालायचा, एकानं कुत्र्याच्या तोंडाशी राहून लाड करायचे. नाक गरम की गार, ओलं की कोरडं, यावरून तापाचं काहीही कळत नाही. तरी शेजारी येऊन नाकाला हात लावतातच. लावू द्या.

लसी आणि जंत

हे थोडक्यात, कारण इथं वाद घालण्यासारखं काही नाही. पिल्लू ६ ते ८ आठवड्यांचं झालं की पहिली लस, मग दर ३–४ आठवड्यांनी पुढची, निदान १६ आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची १२ आठवड्यांनंतर. लेप्टोस्पायरोसिसची लस नेहमीच्या लसीत आहे का हे नावानिशी विचारा. उंदराच्या लघवीतून पसरणारा हा रोग पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून येतो आणि माणसालाही होतो. कुळागरं (माडा-पोफळीच्या बागा), ओहोळ आणि पोफळीखालचं पाणी असलेल्या आमच्या भागात ही लस मी ऐच्छिक मानत नाही. ती दरवर्षी द्यावी लागते.

लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावरची माती हुंगू देऊ नका. पार्व्हो या हगवणीच्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. लस न झालेल्या पिल्लाला उलट्या आणि घाण वासाची, रक्ताची हगवण लागली तर संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही.

जंताचं औषध पिल्लाला दर पंधरा दिवसांनी तीन महिन्यांपर्यंत, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा, पुढं साधारण तीन महिन्यांनी. मात्रा वजनावर असते, म्हणून आधी वजन करा: कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं.

२०२१ साली गोवा देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. मिशन रेबीज या संस्थेची आणि सरकारची माणसं जाळी घेऊन गल्लोगल्ली फिरली, भटक्या कुत्र्यांना लस टोचत गेली, त्याचं हे फळ. मात्र ते नियंत्रण दरवर्षीच्या लसीवर उभं आहे, तेव्हा आपल्या कुत्र्याची तारीख चुकवू नका. आणि कुठलाही कुत्रा चावला तरी जखम वाहत्या पाण्यात साबणानं पंधरा मिनिटं धुऊन दवाखाना गाठायचा.

खाण्याला दोष देण्याआधी : गोचीड आणि पिसवा

नवखा माणूस खाज बघितली की थेट ताटाकडे बोट दाखवतो. मीही दाखवलं. पण गोव्याच्या दमट हवेत पहिला संशय किड्यांवर घ्यायचा.

पिसवांची परीक्षा अशी: बारीक दातांचा कंगवा शेपटीच्या मुळाशी, पाठीवरून उलटा फिरवा. कंगव्यात आलेली काळी पूड ओल्या पांढऱ्या कागदावर झटका. माती असेल तर काळीच राहील. पिसवांची विष्ठा असेल तर भोवती तांबूस डाग पसरतो, कारण ते पचलेलं रक्त असतं. मी दोदोलवर हा प्रयोग केला तेव्हा कागदावर कुंकू सांडल्यासारखं झालं, आणि एकही पिसू डोळ्यांना दिसली नव्हती. पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला दोन-चार चावेसुद्धा पुरतात. खाज पाठीच्या मागच्या भागात, शेपटीपाशी जास्त असेल तर आधी हेच समजा.

गोचीड बघायला बोटांच्या बेचक्या, कानांच्या आतल्या घड्या, पट्ट्याखालची मान आणि जांघा चाचपायच्या, पावसाळ्यात आणि पावसानंतर रोज. काढताना रॉकेल, मीठ, पेटती उदबत्ती यांतलं काही नको. बारीक चिमट्यानं कातडीला अगदी लागून धरायचं, सरळ वर ओढायचं, आणि स्पिरिट घातलेल्या बाटलीत टाकायचं. नखांवर चिरडू नका.

आपल्याकडची तपकिरी गोचीड घरात राहते. रक्त पिऊन टम्म झालेली मादी कुत्र्यावरून उतरते आणि भिंतीच्या फटीत जाऊन हजारोंनी अंडी घालते. जुनं चिऱ्यांचं घर म्हणजे तिच्यासाठी आयतं बाळंतघर. आमच्या सोप्यामागच्या भिंतीवर एका संध्याकाळी मोहरीएवढे ठिपके वर चढताना दिसले, ती पिल्लं होती. मी कुत्र्याला औषध लावत होतो आणि भिंत तशीच सोडली होती. चिऱ्यांच्या फटी सिमेंटनं बुजवल्या, अंथरूण दर आठवड्याला उकळत्या पाण्यातून काढलं, तेव्हा कुठं आटोक्यात आलं. कुत्र्यासाठी महिन्यानं किंवा तीन महिन्यांनी द्यायची चावून खायची गोळी मिळते, मानेवर सोडायचे थेंब मिळतात. फिट येणाऱ्या कुत्र्याला गोळी देण्याआधी डॉक्टरांना सांगा. घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन असलेले थेंब आणूच नका. कुत्र्याला चालतात, मांजर त्यानं मरू शकते.

एवढा वेळ गोचिडींवर घालवला, कारण गोचीडताप. एर्लिकिया आणि बबेसिया हे दोन जंतू तिच्यातून येतात. कुत्रा एकाएकी मंद होतो, जेवणाकडे पाठ फिरवतो, ताप १०३ च्या वर जातो, हिरड्या फिक्या पडतात. कधी नाकातून रक्त येतं, बबेसियात लघवी कोऱ्या चहासारखी होते. रक्ततपासणीत प्लेटलेट उतरलेले दिसतात. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन साधारण चार आठवडे चालतं. तिसऱ्या दिवशी कुत्रा उड्या मारायला लागला म्हणून बंद करायचं नाही. (ओहोळाचं पाणी पिणाऱ्या कुत्र्याच्या नाकात जळू शिरूनही रक्त येतं. कुठलं काय ते डॉक्टर ठरवतील.)

आता खाणं

किडे गेले. आता बघा, खाज कुठं आहे? पंजे चाटणं, काखा, पोट, पुन्हापुन्हा दुखणारे कान, अशी जागा असेल तर ॲलर्जी. ती धुळीतल्या माइट, बुरशी, परागकण यांची असू शकते किंवा खाण्याची. खाण्याची त्यातल्या त्यात कमी आढळते. ठरावीक ऋतूत वाढणारी खाज बहुतेक हवेतली, बारा महिने तेरा काळ सारखी असणारी खाण्याची असण्याचा संभव जास्त. इथंही गोव्यात गोंधळ होतोच, कारण बुरशीचा ऋतू आपल्याकडे संपतो कधी? कानांच्या कडा आणि कोपरं खाजवून सोलली असतील आणि तुमच्याही हातावर पुरळ आलं असेल तर ती खरूज, तिचा मार्ग वेगळा.

अंगाला शिळ्या पावासारखा आंबूस वास येत असेल, कातडी तेलकट लागत असेल, तर यीस्ट नावाची बुरशी माजलेली असते. ती आधी औषधी शांपूनं आवरायची. शांपू अंगावर दहा मिनिटं राहू द्यायचा, घड्याळ लावून. मग धुवायचं आणि खडखडीत वाळवायचं. हे न करता खाण्याचा प्रयोग सुरू केला तर खाज उतरत नाही आणि आपण म्हणतो, खाण्याचं काही नाही बुवा.

कुत्र्यांना ज्या पदार्थांची ॲलर्जी जास्त नोंदली गेली आहे ते असे: गोमांस, दूध-दुभतं, कोंबडी, गहू. रक्ताच्या, लाळेच्या, केसांच्या चाचण्या करून 'तुमच्या कुत्र्याला या वीस पदार्थांची ॲलर्जी' अशी यादी देणारे असतात. खाण्याच्या ॲलर्जीसाठी त्या चाचण्यांवर विसंबता येत नाही, ते पैसे मटणावर खर्च करा. खरी परीक्षा एकच. कुत्र्यानं आजवर न खाल्लेलं एक प्रथिन, न खाल्लेला एक पिष्टमय पदार्थ, आठ आठवडे, बाकी फक्त पाणी. खाण्याचीच ॲलर्जी असेल तर दहातल्या नऊ कुत्र्यांना तेवढ्यात फरक पडतो.

बाहेरचे सल्ले इथं फसतात ते असे. सगळे सांगतात, माशाचं खाणं द्या, ते सौम्य असतं. अहो, गोव्यातलं कुत्रं दात आल्यापासून बांगड्याची डोकी आणि तारल्यांवर वाढलेलं असतं. त्याला मासा नवा कसा? ज्यानं मासा कधी चाखला नाही अशा देशावरच्या कुत्र्यासाठी तो सल्ला ठीक. तुमच्या कुत्र्यानं काय काय खाल्लंय याची यादी आधी करा आणि यादीत नाही ते निवडा. आमच्यासाठी ते बोकडाचं मटण आणि रताळी निघालं. कुणाकडे डुकराचं मांस किंवा बदक चालेल. ज्यांना रांधायचं नाही किंवा मांस घरात आणायचं नाही त्यांच्यासाठी प्रथिनांचे बारीक तुकडे केलेलं, हायड्रोलाइज्ड म्हणतात ते तयार खाणं दवाखान्यात मिळतं. महाग असतं.

कृती सोपी आहे. मटण बिनतेलाचं, बिनमिठाचं, बिनमसाल्याचं उकडायचं, रताळी वेगळी उकडायची. जुन्या खाण्यात नवं थोडंथोडं मिसळत आठवडाभरात पूर्ण बदलायचं, नाहीतर पोट बिघडेल आणि वाटेल की मटणच सोसत नाही. बक्षीस म्हणूनही रताळ्याचाच वाळवलेला तुकडा. चघळायची हाडं, चवीच्या गोळ्या बंद. गोचिडीच्या चावायच्या गोळीलाही मांसाची चव लावलेली असू शकते, म्हणून त्या काळात थेंब घेता येतील का ते विचारा. पिल्लावर हा प्रयोग स्वतःच्या मनानं करू नका. नुसत्या मांस-पिष्टात पुरेसं कॅल्शियम नसतं आणि वाढत्या हाडांना ते लागतं. मोठ्या कुत्र्यालाही आठ आठवड्यांपलीकडे असंच खाणं ठेवायचं असेल तर पूरक काय घालायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

अवघड असतात ती घरातली माणसं.

आमच्या कालनिर्णयावर पहिल्या आठवड्यात खाज ७, ७, ६. दुसऱ्यात ५, ४, ४. तिसऱ्यात ३ वर आली आणि मी फुशारलो. मग एका मंगळवारी ७. बुधवारी ७. काही बदललं नव्हतं. 'नवं काय' पुढं रेघ. गुरुवारी मला पहाटे जाग आली, सहा वाजले असतील, पोदेराच्या, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याच्या, सायकलीचा पोंप-पोंप ऐकू आला. त्याआधीच दोदोल उठून फाटकाशी जाऊन बसला होता, कान ताठ, शेपटीनं अंगण झाडत. आईनं चार पोळ्या आणि एक उंडो घेतला (दोन्ही गोव्यातले गव्हाचे पाव, पोळी म्हणजे चपाती नव्हे), इकडेतिकडे पाहिलं, उंड्याचं टोक मोडलं आणि हात फाटकाकडे न वळता खाली गेला. मी खिडकीतून हाक मारली. ती दचकली नाही, उलट मलाच म्हणाली, "अरे, इल्लोसो कुडको! ताका कितें जातलें?" एवढ्याशा तुकड्यानं त्याला काय होणार, असं.

ती आठवड्यातून दोनतीनदा देत होती, त्या आठवड्यात रोज. आठ आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजले. यावेळी पोदेराला सांगितलं, दूध घालणाऱ्या बाईंना सांगितलं, शेजारच्या मुलांना सांगितलं, आणि आईच्या हाती वाळवलेल्या रताळ्यांचा डबा दिला. तिला द्यायला काहीतरी हवं होतं, एवढंच. तुम्हीही आजीला नुसतं 'देऊ नकोस' म्हणू नका, काय द्यायचं ते हातात ठेवा.

आठ आठवडे झाले आणि खाज उतरली, तरी निकाल लागलेला नसतो. जुने पदार्थ एकेक करून परत द्यायचे, प्रत्येकाला दोन आठवडे. खाज परत आली तर तो गुन्हेगार, थांबवली की उतरली तर शिक्कामोर्तब. दोदोलला कोंबडी चालली. मासा चालला. पोळी दिली आणि चौथ्या दिवशी पंजे चाटून ओले. म्हणजे गहू! वर्षभर मी बिचाऱ्याचे मासे तोडले होते.

खाण्यातलं बाकीचं धोक्याचं

दुधानं जुलाब होणं ही बहुतेक वेळा ॲलर्जी नसते, दुधातली साखर पचत नाही एवढंच. दूध बंद करा, विषय संपला. साध्या जुलाबात कुत्रा खेळत असेल तर दिवसभर मऊ भात आणि उकडलेली, त्याला चालणारी कोंबडी, थोडीथोडी. दोन दिवसांत आवरलं नाही, रक्त दिसलं किंवा कुत्रा पडून राहिला तर दवाखाना.

हुमण, म्हणजे माशाची आमटी, कुत्र्याला घालू नका. मासा हुमणात जाण्याआधी काढून ठेवा, उकडा, काटा काढा. हुमणात कांदा असतो आणि कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. तिखट-मीठ आहेच. आणि चिंच! द्राक्षं आणि मनुका खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडं का निकामी होतात हे बरीच वर्षं कोडं होतं. अलीकडे अमेरिकेतल्या पशुविषतज्ज्ञांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं, आणि ज्या प्रकरणांवरून त्यांना ते सुचलं त्यात चिंच खाल्लेले कुत्रे होते. म्हणून चतुर्थीच्या नेवऱ्यांतले (करंज्यांतले) मनुके, नाताळच्या केकमधले रममध्ये भिजवलेले मनुके आणि चिंचेचा गोळा, तिन्ही कुत्र्याच्या तोंडापासून लांब. किती खाल्लं तर बाधेल याचा भरवशाचा आकडा नाही. खाल्लं हे कळताच फोन करायचा, लक्षणांची वाट बघायची नाही.

चॉकलेट जितकं काळं तितकं वाईट. शुगर-फ्री च्युइंगगममधलं झायलिटॉल रक्तातली साखर तासाभरात पाडू शकतं. शिजवलेली हाडं फुटून टोचतात. मे महिन्यात आंब्याची कोय गिळून आतडं अडतं, हे हसण्यावारी नेऊ नका. काजू विषारी नाहीत, पण सणाच्या तळणाबरोबर मूठमूठ काजू खाल्ले तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते: सारख्या उलट्या, आणि पुढचे पाय टेकून मागचा भाग वर करून उभं राहणं. काजूच्या मोसमात झाडाखाली पडून आंबलेली बोंडं खाल्लेला कुत्रा झिंगतो, ते मजेशीर वाटतं, मजेचं नसतं.

माणसांच्या औषधांचं एकच सांगतो: पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, यांतलं काही आपल्या मनानं द्यायचं नाही. अर्धी गोळीही नाही.

आवाजाची भीती

गोव्यात शांतता मोसमी असते. मेअखेरची आणि ऑक्टोबरची गडगडाटी वादळं, चतुर्थीला दीड, पाच, सात दिवसांच्या विसर्जनाचे फटाके, दिवाळीत नरकासुराचे पुतळे जाळायची रात्र, गावोगावच्या फेस्तांचे (चर्चच्या सणांचे) फटाक्यांचे बार, नाताळ ते ३१ डिसेंबर, मंगेशीची माघी जत्रा, शिगम्याचे ढोल-ताशे. जानेवारीतच कालनिर्णयावर या तारखांना लाल गोल करा आणि प्रत्येक गोलाच्या सहा आठवडे आधी छोटी खूण करा. तयारी त्या छोट्या खुणेपासून.

रोज दहा मिनिटं ढोलाची ध्वनिफीत इतक्या हळू लावायची की कुत्रा कान हलवेल पण जेवण सोडणार नाही. त्या वेळी आवडीचं खाणं. दोन-तीन दिवसांनी आवाज किंचित वाढवायचा. त्यानं खाणं थांबवलं, ओठ चाटले, जांभया दिल्या, शेपटी आत घेतली, तर एक पायरी मागं. जांभई म्हणजे झोप नव्हे. भ्यालेला कुत्रा जांभया देतो, हे मला फार उशिरा कळलं.

घराच्या सगळ्यात आतली खोली निवडा, खिडकी रस्त्याकडे नसलेली. खाटेवरून चादर जमिनीपर्यंत सोडा, खाली त्याचं अंथरूण, पंखा जोरात, रेडिओ चालू. संध्याकाळी उजेडातच फिरवून आणा. पट्ट्यावर फोन नंबर शिवलेला असू दे, कारण फटाक्यांच्या रात्री कुत्रे दारं-कुंपणं तोडून पळतात. साखळीला बांधू नका.

पहिल्या नरकासुराच्या रात्री दोदोल खाटेखाली शिरला. बाहेर स्पीकरच्या ठोक्यांनी खिडकीची तावदानं थरथरत होती. त्याची छाती हाताला पत्र्याच्या छपरावरच्या पावसासारखी लागत होती. मला वाटलं, बाहेर आणून दाखवावं, की बघ, काही नाही. ओढून आणला. तो माझ्या पायावर मुतला आणि पहाटे नरकासुर जाळून लोक घरी गेले तरी कापत राहिला. लपायची जागा मीच काढून घेतली होती. त्यानंतर तीन आठवडे साधं दार आपटलं तरी खाटेखाली. तेव्हा लपलेल्याला लपू द्या. जवळ येऊन बसला तर जवळ घ्या. लाड केल्यानं भीती वाढते ही जुनी समजूत चुकीची आहे.

एवढं करूनही लाळ गळते, नखांनी दार ओरबाडतो, तर औषधं आहेत आणि ती घेण्यात कमीपणा नाही. ट्रॅझोडोन, गॅबापेंटिन यांसारखी औषधं डॉक्टर वजनानुसार देतात. सणाच्या आदल्या दिवशी धावू नका. पंधरा दिवस आधी जा आणि एका शांत दिवशी एक मात्रा देऊन बघा, कुणाला झोप जास्त येते, कुणी उलट बेचैन होतो. एक मात्र विचारून घ्या, औषध भीती कमी करणारं आहे की नुसतं अंग ढिलं करणारं. ॲसिप्रोमाझिन एकटंच दिलं तर कुत्रा शांत दिसतो, आतून तितकाच घाबरलेला असतो, फक्त हलू शकत नाही.

एकटं राहण्याची भीती वेगळी. तुम्ही गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासात तो काय करतो हे जुना फोन रेकॉर्डिंगला लावून बघा. किल्ली उचलून परत ठेवा, चपला घालून बसा, मग दोन मिनिटं बाहेर, मग पाच. जाताना खाणं भरलेलं खेळणं. घरी आल्यावर फाडलेल्या उशीबद्दल ओरडू नका, तो उशी आणि ओरडा यांची सांगड घालत नाही, तुमचं येणं आणि ओरडा यांची घालतो.

पाऊस, समुद्र, ऊन

पावसातून आला की बोटांच्या बेचक्या आणि कानांमागे सुक्या फडक्यानं पुसा, लोंबत्या कानांचा असेल तर कान उलटे करून वाऱ्यावर. पावसाळ्यात अंगणातला चामखिळीचा मोठा बेडूक तोंडात धरला तर फेस येतो. ओल्या फडक्यानं हिरड्या-जीभ पुसत राहा, पाणी घशात ओतू नका, आणि कुत्रा लटपटू लागला तर लगेच दवाखाना. साप चावला तर बांधू-चिरू नका, चालवू नका, उचलून न्या आणि निघण्याआधी फोन करून प्रतिविष आहे का विचारा.

किनाऱ्यावर पाण्याची बाटली तुमची तुम्ही न्या. समुद्राचं पाणी पोटभर प्यायलेला कुत्रा उलट्या-जुलाबांनी गळतो. रापणीच्या जाळ्यातून फेकून दिलेला केंड, फुग्यासारखा फुगणारा मासा, मेलेला असला तरी विषारी असतो. पावसाच्या तोंडावर वाळूत डांबराचे गोळे येतात. पंजाला लागले तर रॉकेल नको, खोबरेल चोळून सैल करा, मग साबण.

हाताचा पंजा उलटा करून रस्त्यावर सात सेकंद ठेववत नसेल तर फिरायला जायची वेळ ती नव्हे. आपल्या दमटपणात कुत्र्याला धापा टाकूनही थंड होता येत नाही. जिभेचा रंग गडद लाल, चाल अडखळती, तर साधं नळाचं पाणी अंगावर ओता, पंखा लावा आणि तशाच ओल्या कुत्र्याला गाडीत घाला.

कधी निघायचं

फिकी, पांढरी किंवा पिवळी हिरडी. पाच मिनिटांपेक्षा लांबलेली फिट. मोठ्या कुत्र्याचं पोट फुगून ताठ होणं आणि कोरड्या ओकाऱ्या. लघवीसाठी कुंथतो आणि थेंब येत नाही. काहीतरी विषारी खाल्लं हे तुम्ही बघितलं. श्वासाला धडपडतो. यांतल्या कशालाही रात्र, रविवार, पाऊस ही सबब नाही. म्हणून रात्री उचलला जाणारा फोन कुठला आणि कुत्र्याला नेणारा रिक्षावाला किंवा शेजारी कोण, हे दोन नंबर आजच त्या कॅलेंडरच्या वरच्या कोपऱ्यात लिहा.

आणि जाताना महिन्याचं पान बरोबर न्या. डॉक्टर विचारतात, "किती दिवसांपासून?" आणि आपण म्हणतो, "झाले असतील चार-पाच." पानावर अकरा निघतात. मी पूर्वी पानच फाडून नेत असे. एकदा मागच्या बाजूची पाककृती आईला हवी होती आणि एकादशी कधी तेही कळेना, तेव्हा घरात बरंच बोलणं झालं. आता फोटो काढून नेतो.